इनवर्ड नंबर मिळाला, आता पुढं काय?

मागच्या महिन्यात मी इथं सहज लिहून गेले की पोलिसांविरुद्ध तक्रार करायची तर आता वेगळं प्राधिकरण आहे, पोलिसांकडेच जायला नको. तेव्हापासून जे मेल येतायत त्यातले निम्मे एकाच सुरात, ताई ते तुमचं प्राधिकरण आम्ही आधीच बघून आलोय. म्हणून हा अंक त्यालाच. नावं, गावं छापत नाहीये, कुणाला स्वतःची गोष्ट ओळखू आली तर तो योगायोग नाही, अशा गोष्टी खूप आहेत.

प्रश्न: ताई, माझा भाऊ छोटा हत्ती चालवतो. मागच्या वर्षी रात्री अकराला रिकामी गाडी घेऊन घरी येताना चौकीसमोर अडवला, कागद दाखवले तरी आत नेला, कुठल्या तरी बॅटरीचोरीत तुझ्यासारखीच गाडी होती म्हणाले. पहाटे चारपर्यंत बसवून ठेवला, कानाखाली दोन-तीन लगावल्या, मोबाईल काढून घेतला तो तिसऱ्या दिवशी परत दिला. अटक नाही, नोटीस नाही, कुठं सही नाही. डावा कान आठवडाभर बधिर होता, सरकारी दवाखान्याचा पेपर आहे. आधी एसपी ऑफिसला अर्ज दिला तर तो फिरत फिरत त्याच ठाण्यात चौकशीला आला, आणि ज्यांच्याविरुद्ध लिहिलं त्यांच्या शेजारच्याच टेबलावर भावाचा जबाब घेतला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे टाकला. त्याला चौदा महिने झाले. एक इनवर्ड नंबर मिळाला, मग अॅफिडेव्हिट करून तीन प्रतीत द्या असं पत्र आलं, ते दिलं. पहिली तारीख झालीच नाही, दुसऱ्या तारखेला साहेब बंदोबस्तात, तिसऱ्या तारखेला त्यांच्या वकिलाने से, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला मुदत मागितली. प्रत्येक वेळी एसटीने साडेतीन तास जायला, तेवढेच यायला, आणि भावाचा एक दिवसाचा धंदा बुडतो. मधे बीटचे हवालदार घरी येऊन चहा पिऊन गेले, म्हणाले, मिटवून घ्या, पोराला याच रस्त्यावर गाडी चालवायचीय. आई रोज म्हणते काढून घे. मी तेवीस वर्षांची आहे, डीएड झालंय, एवढी लिखापढी मीच केली. हे सगळं नाटक आहे का ताई? मानवाधिकार आयोगाकडे जाऊ, की काढून घेऊ?

उत्तर: तेवीस लिहिलंयस म्हणून सरळ तू म्हणते. आईचं काही चुकत नाही, तिला रस्ता दिसतोय, तुला फाईल दिसतेय, दोन्ही खरं आहे. पण काढायची की नाही हे ठरवायच्या आधी तू नेमकं कुठं उभी आहेस ते बघ, कारण मला वाटतं तुझ्या वैतागातला अर्धा भाग असा आहे की तुला कुणी सांगितलंच नाही हे ऑफिस काय करू शकतं आणि काय नाही.

हे प्राधिकरण शिक्षा देत नाही. सस्पेंड करत नाही, बदली करत नाही, जेलमधे टाकत नाही. ते चौकशी करतं, साक्षीदाराला बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार त्याला आहेत, आणि शेवटी अहवाल लिहून सरकारकडे पाठवतं. सरकारने मानला तर गुन्हा नोंदव किंवा खात्यामार्फत चौकशी लाव. आणि नाही मानला तर? सुप्रीम कोर्टाने २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं होतं की अशा प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक राहील. आपल्याकडे महाराष्ट्रात पोलीस कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं, आणि तेव्हा सरकारने स्वतःसाठी मागचं दार ठेवलं, अपवादात्मक प्रसंगी लेखी कारणं देऊन अहवाल नाकारता येईल असं. आता अपवादात्मक म्हणजे काय हे ठरवणार तेच.

तुझे ते एसटीचे साडेतीन तास पण तिथूनच आलेत बरं का. कोर्टाने म्हटलं होतं जिल्ह्याजिल्ह्याला एक प्राधिकरण, निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या हाताखाली. आपण ते विभागाला एक केलं. जिल्हे ३६ आणि विभाग सहा, त्यामुळे बाकीच्या तीस जिल्ह्यांतल्या माणसाने डबा बांधून पहाटेची गाडी पकडायची. कागदावर प्राधिकरण आहे, फक्त स्टँडपासून लांब आहे.

आता तुझ्या फाईलकडे. तू मला अर्जाचा फोटो पाठवलायस, पहिलीच ओळ ‘माझ्या भावास बेदम मारहाण करण्यात आली’. साहजिक आहे, मीही तेच लिहिलं असतं. पण कायद्यात प्राधिकरणाने काय काय बघायचं याची यादी आहे, कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, पद्धत न पाळता अटक किंवा ताब्यात ठेवणं, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन-घर बळकावणं, आणि शेवटी कायद्याचं गंभीर उल्लंघन किंवा अधिकाराचा गैरवापर. ‘मारहाण’ असा शब्द त्यात नाही, ‘गंभीर दुखापत’ आहे, आणि गंभीर म्हणजे आपल्याला वाटतं ते गंभीर नाही, त्याची व्याख्या ठरलेली आहे, ऐकू येणं कायमचं गेलं पाहिजे, हाड मोडलं पाहिजे, किंवा जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेप्रमाणे पंधरा दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं बंद पडली पाहिजेत. तुझ्या पेपरवर आठवडा लिहिलाय. समोरचा वकील याच एका मुद्द्यावर उभा राहणार, दुखापत साधी आहे, हे प्रकरण इथं बसतच नाही.

म्हणून मारहाण खाली ने आणि ताबा वर आण. रात्री अकरा ते पहाटे चार, पाच तास एक माणूस चौकीत, त्याची कुठंही नोंद नाही, नातेवाईकाला कळवलं नाही, मोबाईल घेतला त्याचा पंचनामा नाही, पावती नाही. डी. के. बसू खटल्यात १९९६ सालीच कोर्टाने सांगितलंय की अटक करायची तर मेमो करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, घरच्याला कळवा. त्यावर उत्तर काय येणार तेही आत्ताच सांगते, वीस वर्षं तेच वाचतेय, ‘सदर इसमास अटक केलेली नव्हती, केवळ चौकशीकामी बोलाविले असता तो स्वखुशीने हजर राहिला व अर्ध्या तासात निघून गेला’. स्वखुशीने! रात्री अकराला!

तेव्हा सगळी लढाई अर्धा तास की पाच तास यावर आहे. आणि इथं तुझ्याकडे वेळ कमी आहे. २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने परमवीर सिंह सैनी खटल्यात प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावा आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवा असं सांगितलं, तेवढं साठवायचं मशीनच मिळत नसेल तर जमेल तेवढं, पण एक वर्षाच्या खाली नाही. तुझे प्राधिकरणातलेच चौदा महिने गेले, त्याआधीचा एसपी ऑफिसचा वेळ वेगळा. त्यामुळे हा अंक हातात आला की त्याच दिवशी अर्ज टाक, अमुक तारखेचं रात्री साडेदहा ते पहाटे साडेचारचं फुटेज जपून ठेवावं आणि मागवून घ्यावं, एक प्रत प्राधिकरणाला, एक एसपींना, एक ठाण्याला, स्पीड पोस्टाने पोचपावतीसकट. पुसलं गेलं म्हणाले तर म्हणू देत, पण लेखी म्हणू देत, कधी पुसलं आणि कुणाच्या सांगण्यावरून. माझ्या एका अशिलाच्या केसमधे कॅमेरा नेमका त्याच रात्री बंद होता, आणि ठाण्याने उत्तरात जोडलेल्या रजिस्टरात पुढच्या मागच्या सगळ्या दिवशी ‘चालू’ असा शेरा. त्या एका पानाने जे काम केलं ते तीन साक्षीदारांनी केलं नसतं.

कॅमेरा नसेल तरी रात्र कुठं ना कुठं उमटलेली असते. गाडीला जीपीएस आहे का? फायनान्सच्या गाड्यांना बऱ्याचदा असतं, मालकाकडून त्या रात्रीचा रिपोर्ट काढून घे, गाडी चौकीसमोर किती वेळ उभी होती ते मिनिटासकट निघेल. तू आणि आईने रात्री त्याला किती फोन केले? ते उचलले न गेलेले कॉल तुझ्या मोबाईलच्या कॉल लॉगमधे अजून असतील तर त्याचे फोटो काढून ठेव. आणि समोर ती चहाची टपरी असतेच, पण त्या माणसाला यात ओढू नकोस, त्याला तिथंच धंदा करायचाय.

माहिती अधिकारात स्टेशन डायरीची, म्हणजे ठाण्यातल्या रोजच्या नोंदवहीची, त्या रात्रीची पानं माग. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव. डायरीसाठी एक अर्ज, फुटेजसाठी दुसरा, मोबाईल कुणी जमा केला कुणी परत दिला त्यासाठी तिसरा. एकात सगळं कोंबलंस तर तेच कारण देऊन परत पाठवतील. तीस दिवसांत उत्तर नाही आलं की पहिलं अपील.

तारखांचं म्हणशील तर, प्रत्येक तारखेला काय झालं त्याचा रोजनामा माग, नक्कल माग, तोंडी ‘पुढची तारीख घ्या’ वर परत येऊ नकोस. यामुळे तारीख लवकर लागेल असं नाही, पण तीन-चार रोजनामे झाले की हायकोर्टात एवढंच मागता येतं की बाबांनो अमुक मुदतीत निकाल द्या असं यांना सांगा, आणि हायकोर्टाला तेवढं सांगायला फारसं जड जात नाही. वकिलाचे पैसे नाहीत म्हणू नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच असतं, बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. तक्रारदार म्हणून तुझं नाव आहे ना? मग जा.

हवालदार चहाला आले ती तारीख, वेळ, काय बोलले, कोण कोण घरात होतं, हे सगळं वहीत लिही आणि पुरवणी अॅफिडेव्हिट करून फाईलला लाव. पुढच्या वेळी चहा दे, पण वही समोर ठेवून दे.

मानवाधिकार आयोगाचं विचारलंयस, ते भरपाईची शिफारस करू शकलं असतं, पण घटनेला एक वर्ष झालं की ते तक्रार घेत नाहीत, ती वेळ गेली. कुणी आधी सांगायला हवं होतं, मला माहितीय.

आणि काढून घेऊ का, तर काढून घेतलीस म्हणून तुला कुणी भित्री म्हणणार नाही, मी तर नाहीच. फक्त अर्ज काढताना त्यांनी लिहून आणलेल्या कागदावर सही करू नकोस. त्यात हमखास एक वाक्य असतं, ‘गैरसमजातून तक्रार केली होती’. भावाच्या कानाखाली गैरसमज नव्हता ना पडला. काढायचीच असेल तर स्वतःच्या शब्दात लिही, येण्याजाण्याचा खर्च परवडत नाही म्हणून काढतेय. ते खरं आहे आणि ते फाईलमधे राहू दे.

प्रश्न: आमच्या ठाण्याचे सीनियर पीआय आणि दुसऱ्या एका प्रकरणात एसीपी, दोघांच्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एकाच ठिकाणी द्यायच्या का?

उत्तर: नाही. सीनियर पीआयपर्यंतचे सगळे विभागीय प्राधिकरणाकडे, डीवायएसपी-एसीपी आणि त्यावरचे मुंबईला राज्य प्राधिकरणाकडे. चुकीच्या ठिकाणी गेली की पत्रव्यवहारातच महिने जातात. अर्जदार स्वतः, घरातला कुणी किंवा त्याच्या वतीने दुसराही चालतो.

प्रश्न: बाजारात माझा मोबाईल खिशातून मारला. ठाण्यात गेलो तर ‘चोरी’ लिहूनच घेईनात, ‘गहाळ’ लिहून दाखला दिला. मी वाद घातला तर ठाणे अंमलदार म्हणाले साहेब राउंडला गेलेत, उद्या या. पोलीस तक्रार प्राधिकरणात जाऊ का?

उत्तर: जाऊ नका, म्हणजे जायला हरकत नाही पण मोबाईल तोपर्यंत तीन राज्यं फिरून येईल. पाच हजार किंवा त्यावरच्या किमतीच्या वस्तूची चोरी हा दखलपात्र गुन्हा, आणि दखलपात्र असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलंय. ‘गहाळ’ लिहिलं की ठाण्याचा चोरीचा आकडा वाढत नाही, बाकी गंमत काही नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(४) खाली एसपींना किंवा शहरात असाल तर डीसीपींना लेखी पाठवा, तिथंही काही झालं नाही तर १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, अॅफिडेव्हिटसकट. मॅजिस्ट्रेट एफआयआर नोंदवायला सांगू शकतो. प्राधिकरण तसा हुकूम देऊ शकत नाही. ज्याच्या हातात जे आहे तेच त्याच्याकडे मागावं, नाहीतर वाण्याकडे औषध मागितल्यासारखं होतं.

प्रश्न: तुम्ही नेहमी पोलिसांविरुद्धच लिहिता. माझे मिस्टर हवालदार आहेत, बावीस वर्षं नोकरी. गणपतीत सलग अठरा-अठरा तास उभे असतात. दोन वर्षांपूर्वी एका जमिनीच्या भांडणात एका पार्टीने त्यांचं नाव तक्रारीत टाकलं, ते त्या दिवशी ड्युटीवरही नव्हते, साप्ताहिक सुट्टी होती. तरी प्राधिकरणाच्या तारखा, त्यात प्रमोशन अडकलं. साहेबांनी काय सांगितलं ते साहेबांनाच माहीत, नाव मात्र ह्यांचं. आमची तक्रार कुणाकडे करायची?

उत्तर: वहिनी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वरच्या पत्रातल्या मुलीला आणि तुम्हाला एकाच बाकावर बसवलं तर तुमची दोघींची तक्रार एकच निघेल, तारीख लागत नाही. तिचं खरं अडकलंय, तुमच्या मिस्टरांचं खोटं अडकलंय, आणि फाईल दोघांची त्याच कपाटात.

ड्युटीवर नव्हते ना, मग हजेरीपट आणि साप्ताहिक सुट्टीची नोंद जोडून एक अर्ज द्या की आमचं नाव आधी वगळा, मुख्य चौकशी नंतर चालू द्या. ते मागायला घाबरू नका, तो हक्क आहे. ‘चौकशी संपली की आपोआप नाव निघेल’ असं ठाण्यातले सांगत असतील, आपोआप काही निघत नाही. आणि तोंडी आदेश होता म्हणताय तर मिस्टरांनी तेही लिहून द्यावं. देणार नाहीत, मला कल्पना आहे, त्यांना अजून दहा वर्षं त्याच खात्यात काढायचीत.

एक मात्र सांगते, हे प्राधिकरण मागितलं कुणी? पोलिसाने. प्रकाश सिंह म्हणजे उत्तर प्रदेश आणि आसामचे माजी पोलीस महासंचालक, सीमा सुरक्षा दलाचे प्रमुखही होते, निवृत्त झाल्यावर १९९६ ला कोर्टात गेले. त्याच निकालात बदल्या नेत्यांच्या मर्जीने होऊ नयेत म्हणून खात्याचंच मंडळ असावं, अधिकाऱ्याला एका जागी किमान दोन वर्षं मिळावीत, हेही आहे. तक्रार प्राधिकरण हा त्या निकालातल्या सात निर्देशांतला एक तुकडा. बाकीचे तुकडे नीट बसले असते तर तुमच्या मिस्टरांना ‘साहेबांनी सांगितलं’ म्हणून उभं राहायची वेळ कमी आली असती.

प्रश्न: मी न्यूयॉर्कला असते, इकडे म्हणे पोलिसांवर नागरिकांचं बोर्ड आहे, त्यात पोलीस नाहीतच. आपल्याकडे असं का नाही होत?

उत्तर: आहे ना, तिथं १९९३ पासून पूर्ण नागरिकांचं बोर्ड आहे, आणि आपल्या प्राधिकरणात एक सदस्य निवृत्त पोलीस अधिकारी असतो, तो फरक खरा. तुमच्याकडे अरेरावीची, घाण बोलण्याची तक्रारसुद्धा घेतात, आपल्याकडे ‘ए भाड्या’ म्हटल्याची तक्रार घेऊन गेलात तर शिपाईसुद्धा हसेल. पण शिक्षा किती द्यायची, द्यायची की नाही, यावर तिथंही शेवटची सही पोलीस कमिशनरची. तेव्हा इकडच्या मुलीला तिकडचे फोटो पाठवू नका, एसटीचं भाडं पाठवा.

प्रश्न: चौकीत गेल्यावर मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं तर गुन्हा होतो का? आम्हाला एकाने ऑफिशियल सिक्रेट्सची, म्हणजे सरकारी गुपितांच्या कायद्याची, भीती घातली.

उत्तर: मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ ला सांगितलंय की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, तिथं व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. हे झालं कायद्याचं. चौकीत दुपारी तीन वाजता टेबलाच्या पलीकडे चिडलेला माणूस बसलाय तेव्हा त्याच्या तोंडासमोर मोबाईल धरायचा का, ते मी घरी बसून सांगणार नाही. मी स्वतः एकदा एका ऑफिसात अर्जाची पोच मिळेना म्हणून दोन तास बाकावर बसले होते, काळा कोट घालून, आणि मोबाईल बाहेर काढायचा धीर मलाही झाला नाही. शेवटी अर्जावरच लिहिलं, ‘आज दुपारी १२.४० वाजता पोच देण्यास नकार’, आणि तिथूनच चालत पोस्टात जाऊन तो रजिस्टर केला. चौथ्या दिवशी गुलाबी पोचपावती आली, त्यावर ऑफिसचा शिक्का अगदी सुबक, ज्या शिक्क्याची शाई संपलीय असं मला सांगितलं होतं तोच.